रिकाम्या कपाटाला मिळालेली शाबासकी

मित्रांनो, मी एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या औषधखोलीत उभे असलेले एक जुने लोखंडी कपाट आहे. आजवर कुणी विचारले नाही म्हणून गप्प होते. आज बोलणार, कारण माझे डोके फिरले आहे. कपाटाला डोके कुठे, असे म्हणू नका. ज्यांना आहे त्यांनी ते किती वापरले, तेही ऐका.

पत्रा कापून, ठोकून, हिरवा रंग फासून मला घडवले. पंधरा वर्षे एका कचेरीत फायली सांभाळल्या. एक पाय वाकला, तेव्हा मला इथे धाडून दिले. इथल्या फार्मासिस्ट बाईंनी पायाखाली पुठ्ठा घातला आणि प्रत्येक खणाला चिठ्ठी लावली. वर मोठ्यांची औषधे, खाली लहान मुलांच्या गोळ्या. या गोळ्या रोज, न चुकता घ्याव्या लागतात. घेतल्या तर मूल शाळेत जाते, भांडते, मोठे होते. फायलींपेक्षा हे काम मला फार आवडले.

खालच्या खणाची मालकीण होती सात वर्षांची एक मुलगी. त्या गोळ्या घेणारी आमच्याकडे ती एकटीच. दर महिन्याला मावशीचे बोट धरून येई आणि डबी स्वतःच्या दप्तरात ठेवी.

मग एका तिमाहीत मुलांच्या गोळ्या वरून आल्याच नाहीत. गाडी कुठे अडली होती म्हणे. तिमाहीच्या तक्त्यात एक रकाना असतो, 'किती वापरल्या'. नव्हत्याच तर वापरणार काय? बाईंनी शून्य लिहिले. आता आमच्याकडची रीत अशी, की मागे जेवढे वापरले तेवढेच पुढे पाठवायचे. औषधे पाठवणाऱ्या मोठ्या कचेरीने शून्य पाहिले आणि शून्यच मंजूर केले. अहो, ताटात काही वाढलेच नाही, तर माणूस जेवला नाही म्हणून त्याला भूक नव्हती असे म्हणाल का?

मोठ्या कचेरीशी बोलताना बाई फोन स्पीकरवर ठेवून खोकी लावत, म्हणून मलाही सगळे ऐकू येई.

"मॅडम, तुमच्याकडे वापरच नाही."

"वापर नाही, कारण गोळ्या नाहीत."

"तसं लिहायला रकाना नाही ना पण."

बाई शेजारच्या दवाखान्यांकडे हात पसरत. कधी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळत, कधी हात हलवत परत येत. मुलगी विचारी, "काकू, आज तरी आल्या का?" बाई खण उघडून दाखवत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

त्यातच तपासणीला साहेब आले. त्यांनी खालच्या खणात बोट फिरवले. धूळ नाही, मुदत संपलेली एक डबी नाही. "असं कपाट पाहिजे," म्हणत त्यांनी माझ्या दारावर 'उत्तम साठवण' असा कागद चिकटवला.

"साहेब, खण रिकामा आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर काही वाया गेलं नाही."

उभ्या जन्मात मला एकच शाबासकी मिळाली, ती रिकामे राहिल्याबद्दल. तो कागद फाडायला मला हात नाहीत, याचे आजही वाईट वाटते.

शेवटी बाई रजा टाकून मोठ्या कचेरीत गेल्या आणि तिथले साहेब सही करेपर्यंत बाकावरून हलल्या नाहीत. आठवड्याने खोके आले. माझा खण गच्च भरला. पण वरातीमागून घोडे. मुलगी आली ती मावशीच्या कडेवर, सात वर्षांची असून. डॉक्टरांनी रक्त तपासले. गोळ्या तुटक तुटक मिळाल्यामुळे विषाणू त्यांना सरावला होता. त्या गोळ्या आता तिला लागू पडणार नव्हत्या.

"ताई, आमचं काही चुकलं का?" मावशीने विचारले.

बाई काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "घरात गोळी असताना मी एकदाही विसरले नाही."

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कुणी मोठ्या कचेरीत बसेल. समोर शून्य आले तर सही करण्याआधी एक फोन करा आणि विचारा, औषध नको होते की नव्हतेच? विचारायला एक मिनिट लागते. ते एक मिनिट कुणी दिले नाही, आणि त्याची शिक्षा एकदाही न विसरलेली मुलगी भोगते आहे.