तेहतिसाव्या पानावरची चांदणी

“हेही वाचलेलं निघालं, बाय,” म्हणत बर्नार्डकाकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “या महिन्यातलं तिसरं.”

ग्रंथपाल मथुराने पुस्तक उघडलं. तेहतिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेली बारीक चांदणी होती. आग्नेसकाकींची खूण.

गावच्या वाचनालयात अशा खुणा पुष्कळ. कुणी आकड्याखाली टिंब देई, कुणी पानाचा कोपरा दुमडी. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. आग्नेसकाकी स्वतः इथे कधी आल्याच नाहीत. सकाळी वाडीतली फुलं, दुपारी शिवणाचं मशीन, आणि पुढे गुडघ्यांचं दुखणं. पुस्तक आणायचं काम नवऱ्याचं. चाळीस वर्षं दर शनिवारी बर्नार्डकाका सायकलवरून यायचे, कपाटासमोर उभे राहून एकेका पुस्तकाचं तेहतिसावं पान बघायचे. चांदणी नसेल ते पिशवीत.

“काका, हल्ली न बघताच नेता की काय?”

बाकावर पेपर वाचत बसलेला सॅन्टन म्हणाला, “त्याला म्हाताऱ्याला आता बायकोची आठवण राहत नाय, चांदणीची कुठून राहणार?”

एरवी बर्नार्डकाकांनी त्याला चोख उत्तर दिलं असतं. आज ते हसलेही नाहीत.

“बघतो तर. पण बिनचांदणीचं उरलंय कुठे?”

ते खरंच होतं. पाच वर्षांत नवी कादंबरी आली नव्हती. हल्लीचे वाचक सरळ अभ्यासिकेत जात, परीक्षेची पुस्तकं आणि मोबाइलचा चार्जर घेऊन.

काका टेबलावर वाकले. आवाज खाली आला. “तिला वाचलेलं काही आठवत नाही गं. डॉक्टर म्हणतात, वाचू द्या. गोष्ट तिला नवीच लागेल. पण पुस्तक हातात घेतलं की आधी तेहतीस उघडते. चांदणी दिसली की मिटते. ‘झालंय वाचून.’ मग खिडकीशी बसून राहते. नुसती.” त्यांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. “तू खोडशील? माझा हात कापतो. पान फाटेल.”

पुस्तकांतल्या खुणा खोडणं हे मथुराचं कामच होतं. सव्वीस वर्षं ती ते करत आली होती. फक्त चांदण्यांना तिने हात लावला नव्हता. संगणक आला तेव्हा जुनी कार्डं रद्दीत गेली. आग्नेस नावाच्या बाईने ही कपाटंच्या कपाटं वाचली, याची नोंद आता या चांदण्यांखेरीज कुठेच नव्हती. शिवाय मथुरा स्वतः एखादी कादंबरी वाची, तेव्हा तेहतिसाव्या पानावर तिला बरं वाटे. या वाटेने आणखी कुणीतरी गेलंय.

“सगळ्या खोडू?”

“सगळ्या नको. आठवड्याला एक.”

तिने एक जुनी कादंबरी काढली. यातली चांदणी रेखीव होती, हात न उचलता एका रेघेत काढलेली. खोडरबराने शिसं गेलं, पण खाच राहिली. पान तिरपं धरलं की उजेडात ती दिसे. मथुराने डब्यातला चमचा घेतला आणि त्याच्या पाठीने तेवढी जागा हलकेच घोटली.

पुढच्या शनिवारी काका घंटी वाजवतच आले. “वाचलं! तेहतीस उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणते, ‘हे कुठून आणलंत? नवीन दिसतंय!’ जेवायला तीनदा हाका मारल्या मी.”

तेहतिसाव्या पानावर पुन्हा चांदणी होती. तिची टोकं जुळत नव्हती.

ईस्टरपासून गणपतीपर्यंत असं चाललं. मथुरा खोडायची, काकी काढायच्या. मग एका शनिवारी पुस्तक परत आलं, आणि तेहतिसावं पान कोरं होतं.

“चांदणी नाही काढली?”

“मी पेन्सिल हातात दिली. तर मलाच विचारलं, ‘ही कशाला?’”

“मग? सांगितलंत?”

काकांनी मान हलवली. नाही.

मथुराने पुस्तक मिटलं. “दुसरं काढून देते.”

“नको. हेच दे. परवा संपवलं आणि काल परत पहिल्या पानापासून बसली. आवडलंय तिला.”

“मग घरीच राहू द्या ना. मी इथे तारीख वाढवते. कशाला उन्हातून फेऱ्या मारता?”

“तसं नको, बाय. शनिवारी दारात पाऊल टाकलं की विचारते, ‘नवीन आणलंत?’ तिच्याशी खोटं कसं बोलू? इथे जमा करून इथूनच नेलं, तर आज लायब्ररीतून आणलंय, एवढं तरी खरं होईल.”

मथुराने पुस्तक जमा करून घेतलं. आत जाऊन ते आपल्या जागी लावलं आणि खुर्चीत येऊन बसली. सॅन्टनने पेपर खाली घेतला. त्याने फक्त पाय आवरून काकांना वाट दिली.

काका कपाटापाशी गेले. चष्मा लावला. डावीकडच्या टोकापासून एकेका पुस्तकावर बोट फिरवत हळूहळू पुढे सरकले. एक काढलं, चाळलं, परत ठेवलं. आणखी एक काढलं, तेही ठेवलं. मग मघाशी जमा केलेलं तेच पुस्तक घेऊन ते टेबलाशी आले.

“हे कसं आहे गं?”

“छान आहे, काका,” मथुरा म्हणाली. “काकींना आवडेल.”