आठवा फोटो काळा निघाला

माझं लग्न सात फोटोंवर ठरलं. आठवा काळा निघाला होता.

आमच्या मेहकरच्या कचेरीत कारकून असलेले माझे हिंमतराव मामा फोटोंचे वेडे. त्या काळी वऱ्हाडातल्या सगळ्या कचेऱ्यांचं तोंड नागपूरकडे, मामांचं मात्र मुंबईकडे. रजा मिळाली की डबा-कॅमेरा खांद्याला अडकवून निघालेच. आणायचे काय, तर रस्ते, ट्रामा आणि कुठल्यातरी उंच गच्चीवरून दिसणारी घरांची छपरं. यात ओळखीचं कोण आहे, असं शेजारच्या बाया विचारायच्या आणि मामा चिडायचे. मला मात्र त्या रस्त्यांवरच्या दुकानांचा क्रमसुद्धा तोंडपाठ होता.

म्हणून मुंबईत कापसाच्या पेढीवर कारकुनी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा मी मनातल्या मनात निघालेसुद्धा. मुलाचं घर पाहून आल्याशिवाय आमच्यात सोयरीक होत नाही. बाबा कापसाच्या वेचणीत अडकलेले. त्यांनी मामांना पाठवलं आणि घराचा फोटो आणायला बजावून सांगितलं.

मामा आठ दिवसांनी परतले. एका रोलमध्ये आठ फोटो. सात असे की पाहत राहावं: घड्याळाचा मनोरा, ट्रामचे रूळ, समुद्राकाठच्या इमारतींची लांबच लांब ओळ. आठवा मुलाच्या खोलीचा, आणि तो ठार काळा. मामांनी समजावलं की या डब्याला भरपूर ऊन लागतं, गल्ली जरा अरुंद आहे, त्याला मी काय करणार. पण मुलगा सोन्यासारखा आहे. मग खोलीचं काय घेऊन बसायचं, असं बाबाही म्हणाले.

माय तो काळा कागद हातात धरून बसली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो फोटो घरात तिला एकटीलाच वाचता आला.

"भाऊ," ती मामांना म्हणाली, "फोटोले पुरत नाही इतका उजेड, त पोरगी जवारी कशी निवडन तिथं?"

दोघे हसले. मामांचं हसू जरा लवकर थांबलं, हे मी दाराआडून पाहिलं.

संध्याकाळी मायने मला विहिरीपाशी गाठलं. "तुले जायाचं हाय का? नसंल त नाही म्हन. बाबाले मी पाहून घेईन."

तिने खरंच पाहून घेतलं असतं. घरात तिचा तेवढा शब्द चालायचा. मी नुसतं 'नाही' म्हणायचीच खोटी होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती छपरं. मी हो म्हणाले.

मुंबई फोटोत होती तशीच निघाली. फक्त ती आमच्या गल्लीपासून दोन कोसांवर होती. आमच्या खोलीत मी भर दुपारी कंदील लावून धान्य निवडायचे. नवरा चांगला मिळाला, त्यात मामा खोटं बोलले नव्हते. रविवारी तो मला रस्ते दाखवायला न्यायचा आणि मी उन्हात डोळे किलकिले करून उभी राहायची.

माहेरी गेले की माय विचारायची, उजेड येतो का घरात? मी म्हणायचे, भरपूर. तिला मुंबईला ये असं मी कधी म्हणाले नाही, कारण तिने तो कंदील पाहिला असता. तिनेही कधी हट्ट धरला नाही. तेरा वर्षं आमचं हे असंच चाललं, मग माय गेली.

आता मेहकर आठवलं की मला आमचं अंगणच आठवतं, आणि फार भरून येतं. मी पोचले की माझा चहा होण्याआधी माय उन्हाची जागा बघून गोधडी अंथरायची. मला बसवायची, केस मोकळे करून तेल लावायची. मला वाटायचं, लेकीचे लाड चाललेत. ऊन सरकलं की ती मला उठवून गोधडी सरकवायची, आणि तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही.