योगराजची गोळी

दुधराम हा चिचगडकडच्या एका गावातला पाणकर. गावतलावाचे पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांधलेल्या शेतात, केव्हा आणि किती सोडायचे, हे ठरवण्याचे काम त्याच्या घराण्यात पिढ्यांपासून चालत आले होते, आणि त्यात त्याने कधी हयगय केली नव्हती. हे आरंभीच सांगणे भाग आहे. कारण चुका निष्काळजी माणसेच करतात हा जो सोयीस्कर समज आहे, तो येथे लागू पडत नाही. दुधरामची चूक काळजीपोटी झाली.

नऊ वर्षांच्या रेणूचे टॉन्सिल गोंदियाच्या एका दवाखान्यात काढले. सुटी मिळाली, पण गाव दूर; म्हणून तो आणि पुष्पाबाई लेकीला घेऊन गोंदियालगतच्या कुडव्याला, त्याच्या धाकट्या बहिणीकडे, शामकलाकडे उतरले. डॉक्टरीणबाईंनी दुखण्यावर साधे पातळ औषध दिले होते. ते घेतानाही रेणू रडे आणि घेतल्यावरही रडे. दुसऱ्या दिवशी जेवणवेळ झाली तरी तिने पाण्याचा घोट घेतला नाही. तेव्हा दुधरामने पिशवीतून गोळ्यांची एक जुनी पट्टी काढली. थोरल्या मुलाचा, योगराजचा, पाय मोडून त्यात सळई बसवली होती, त्या वेळच्या उरलेल्या गोळ्या होत्या त्या.

"डॉक्टरनं नाई देली थे गोळी," पुष्पाबाई म्हणाली.

"योगराजले डॉक्टरनंच देली होती ना?"

"थो सतरा वर्षांचा घोडा. हे पोर काडीवानी."

"अवं, त्या घोड्याले काई फरक पडला का? रातभर बोंबलत होता. गोळीत दमच नाई. अर्धीनं काय होणार हाय?"

दुधरामच्या बोलण्यात त्याचा सगळा व्यवसाय उभा होता. पाटाच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचले नाही, तर तलावाच्या पाळीतली मोरी अधिक उघडायची. पाणी कमी पडले, याचा अर्थ ते कमी सोडले. एक अख्खी गोळी मधात कुस्करून त्याने रेणूला चाटवली.

गुण आला. रेणू पाणी प्यायली, थोडी पेज प्यायली आणि आत्याच्या दिवाणावर झोपली. थोड्या वेळाने घोरू लागली.

"बापावरच गेली," शामकला हसून म्हणाली. "दादा, तुह्यापेक्षा जोरानं घोरते."

"झोपू दे. दोन रातीची जागली हाय."

झोपलेल्या लेकराला उठवायचे नाही, हा त्यांच्या घरचा दंडक. कोणी उठवले नाही. मग घोरणे थांबले. पुष्पाबाई तोंड पुसायला वाकली, तर ओठ काळेनिळे. छाती एकदा वर आली आणि पुन्हा वर येईपर्यंत पुष्पाबाईच्या हाका घरभर झाल्या होत्या.

ऑटोत दुधरामने रेणूला मांडीवर घेतले होते. रेल्वे फाटक लागले, उघडले. त्याला काही वाटत नव्हते. तो फक्त तिच्या नाकापुढे बोट धरून होता.

दवाखान्यात त्याने न विचारताच पट्टी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली, रेणूच्या डोळ्यांत विजेरी धरली आणि परिचारिकेला एक इंजेक्शन भरायला सांगितले. ते शिरेत गेल्यावर काही क्षणांतच रेणूने मोठा श्वास ओढला, डोळे उघडले आणि ती किंचाळली.

"थोरल्याले काईच झालं नव्हतं," दुधराम म्हणाला.

"कारण त्याच्या अंगात ती उतरलीच नसावी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गोळी पोटात जाते तेव्हा सौम्य असते. आपलं यकृत तिच्यातून कडक औषध तयार करतं. कोणाचं यकृत ते जवळजवळ करतच नाही, कोणाचं भराभर करतं. सख्ख्या भावंडांतही फरक असतो, आणि तो वरून दिसत नाही. कडक औषध जास्त झालं की श्वास मंदावतो. त्यात हिचा गळा सुजलेला. म्हणून तर मुलांना आम्ही ही देत नाही, भाऊ."

"गोळी कमजोर नव्हती तं."

"नव्हती. आणि अजून तिच्या अंगात आहे. माझ्या इंजेक्शनचा परिणाम आधी ओसरेल, गोळीचा मागाहून. लागलं तर पुन्हा देईन. तोवर श्वासावर लक्ष ठेवायला यंत्र लावलंय, पण झोप आली की हलवून जागं करा. दुखेल तिला. इंजेक्शननं गोळीचा आरामही गेला."

पुष्पाबाई उशाशी बसली, दुधराम पायाशी. यंत्र टिकटिकत होते. रेणूचा आवाज बसला होता.

"बाबा, थे गोळी दे ना. त्या गोळीनं नाई दुखत."

"नाई."

"दे ना गा बाबा. मी औषध पण घेतो, थे पातळवालं."

"नाई."

ती आईकडे तोंड करून रडू लागली. रडून दमली आणि पापण्या मिटू लागल्या. दुधरामने तिचा तळपाय नखाने खरवडला. ती दचकली, पाय ओढून घेतला, पुन्हा रडली.

"कायले उठवून राहिला? जा तू इथून," रेणू म्हणाली.

पुष्पाबाईने त्याच्याकडे पाहिले. ऊन खिडकीतून कलले. परिचारिका आली, यंत्रावरचे आकडे पाहून मान हलवून गेली. रेणूच्या पापण्या पुन्हा मिटू लागल्या.

दुधरामने तिचा पाय हातात घेतला.

"रड," तो म्हणाला. जेवायला बसलेल्या माणसाला 'वाढू का' विचारावे, तितक्याच सपाट आवाजात.

ती रडली.