कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा

कार्यक्रम यशस्वी झाला तर सिस्टर नोकरीत कायम होणार होत्या. नाही झाला तर नेहमीसारखे अकरा महिने. हिशेब इतका सरळ होता, की शनिवारी सकाळी एकतीस मुलींपुढे फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी तो दोनदा मोजला, आणि मुलींच्या नजरेतून ते सुटले नाही.

मुलींच्या सुधारगृहाच्या दवाखान्यात सिस्टरांना नऊ वर्षे झाली होती, सगळी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. बारावा महिना घरी. नवरा म्हणायचा, "लोकांच्या बायका माहेरपणाला जातात, माझी बेकारपणाला येते." सिस्टर हसायच्या. बाराव्या महिन्यात जरा कमी हसायच्या.

वरून आलेल्या योजनेचे नाव दोन ओळींचे होते. मतलब एवढाच, की कोर्टाच्या हुकमाने इथे आलेल्या मुलींच्या जिवावर उठणाऱ्या सवयी कमी करायच्या: तंबाखू, चिकटवायचे सोल्यूशन हुंगणे, ब्लेडने हातावर रेघा ओढणे, दुखणे अंगावर काढणे. सहा शनिवार बोलायचे. सुरुवातीला एक फॉर्म, मध्ये एक, शेवटी एक. आकडे उतरले, की सिस्टरांच्या कागदावर शिक्का.

चौदा नंबरच्या कॉटवर सोळा वर्षांची एक मुलगी होती. तोंड एकदा सुरू झाले की थांबायचे नाही, म्हणून तिला सगळ्या फटफटी म्हणत. तिनेच पहिला हात वर केला.

"सिस्टर, आम्हाला 'नाही' म्हणायला शिकवणार म्हणे तुम्ही. इथं नाही म्हटलं की आठवडाभर भांडी घासायला लागतात. कुठं म्हणायचं आणि कुठं गिळायचं, तेपण शिकवा."

सगळ्या हसल्या. सिस्टरही हसल्या, आणि तिथेच काहीतरी जमले. मग फटफटीने विचारले, की नाव लिहायचे का. सिस्टर म्हणाल्या, नाव नाही, सही नाही; लिहिलेले त्यांच्या टेबलापलीकडे जाणार नाही. दुकानदाराच्या तराजूकडे बघावे तसे फटफटीने त्यांच्या तोंडाकडे बघितले. मग मागे वळून म्हणाली, "लिहा गं खरं. बाई वाकडी नाही."

नऊ वर्षे गोळ्या वाटून जे मिळाले नव्हते, ते या एका शेऱ्याने सिस्टरांच्या पदरात पडले.

घोळ झाला तो मात्र आदल्याच दिवशी. पहिला फॉर्म आणि शेवटचा फॉर्म एकाच मुलीचा आहे हे कळावे, म्हणून प्रत्येकीने स्वतःपुरती एक गुप्त खूण ठरवावी, असे योजनेच्या पुस्तिकेत लिहिले होते. सिस्टरांना ते पटले नाही. मुली खुणा विसरणार, फॉर्म जुळणार नाहीत आणि सहा शनिवारांची मेहनत पाण्यात जाणार. म्हणून वाटण्याआधी त्यांनी प्रत्येक फॉर्मच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसा कॉट नंबर टाकला. औषधे कायम कॉट नंबरावर वाटणाऱ्या हाताला त्यात काही वावगे वाटले नाही.

तीन शनिवार दृष्ट लागावी असे गेले. महिनाभर लपवलेले नायटे दवाखान्यात उघडे झाले. एकीने साबणाच्या वडीत खुपसून ठेवलेले ब्लेड आपण होऊन टेबलावर ठेवले आणि वर बजावले, की साबण परत पाहिजे. मधल्या फॉर्ममध्ये चौदा नंबरने, जिने आधी 'रोज' लिहिले होते, सोल्यूशनपुढे लिहिले: 'या आठवड्यात एकदा. सोमवारी. मावशीची चिठ्ठी आली नव्हती म्हणून.' सिस्टरांनी ते तीनदा वाचले. एखाद्या रोग्याचा ताप उतरताना बघावा तसे.

मावशी फटफटीला घरी न्यायला तयार होती. पुढच्या बुधवारी समिती बसून निर्णय देणार होती. मावशीच्या नवऱ्याची लांब बदली झाली होती, महिनाअखेरीला घर हलणार होते. नवऱ्याला तिने मोठ्या मिनतवारीने राजी केले होते, तेही एवढ्याच बोलीवर, की पोरगी आत्ता येत असेल तर येऊ दे. नंतर मागे लागायचे नाही.

सोमवारी अधीक्षकबाईंनी, म्हणजे मुलींच्या भाषेत मोठ्या बाईंनी, समितीला दाखवायला म्हणून फॉर्म मागवून घेतले. मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि त्या सात महिन्यांत काही घडू नये, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती. कागद उलटा करून बघायची सवय त्यांना नोकरीने लावली होती.

"हा चौदा म्हणजे कॉट ना?"

अनुक्रमांक आहे, एवढे सिस्टरांना म्हणायचे होते. शब्द जिभेवर आलेही होते; निघाले भलतेच.

"बाई, ती रोज हुंगायची. आता आठवड्यातनं एकदा. हे बरं होणं आहे."

"मी काय विचारलं?" मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "पिशव्या चिकटवायच्या वर्गातलं सोल्यूशन कोण पळवतं हे माहीत असून मी सोडली, आणि तिकडं काही झालं, तर निस्तरायचं कोणी? आणि सिस्टर, तुमच्या कायमच्या कागदाला माझी शिफारस लागते, हे मी बोलून दाखवायला नको."

नको म्हणत म्हणत त्यांनी ते बोलून दाखवले होते.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "कॉट."

समितीने चौदा नंबरचा फॉर्म वाचून दाखवला आणि फटफटीचे सहा महिने वाढवले. मावशी फाटकापर्यंत आली, नव्या कपड्यांची पिशवी पहारेकऱ्याकडे दिली आणि बसची वेळ झाली म्हणून गेली.

फटफटी दवाखान्यात आली ती दुसऱ्या दिवशी. आदळआपट नाही, रडणे नाही. स्टुलावर बसली.

"सिस्टर, एकच विचारते. मी खोटं लिहिलं असतं तर बुधवारी गेले असते ना?"

सिस्टर कापसाचे बोळे करत राहिल्या.

"लांबण नको. हो का नाही, तेवढं सांगा."

"हो."

"बरं," फटफटी उठली. "मग बाकीच्यांना सांगून ठेवते."

सहाव्या शनिवारी शेवटचे फॉर्म आले. तंबाखू: नाही. सोल्यूशन: नाही. ब्लेड: नाही. एकतीस मुलींचे सगळे रकाने इतके स्वच्छ, की वरच्या ऑफिसातून अभिनंदनाचे पत्र आले. पुढच्या महिन्यात सिस्टरांची ऑर्डर निघाली. नवऱ्याने पेढे आणले आणि आता बारा महिने स्वयंपाक आपल्यालाच करावा लागणार म्हणून मोठ्याने रडगाणे गायले. दवाखान्यात मुली येत होत्या, पण डोकेदुखीची गोळी घ्यायला. गोळी उभ्या उभ्या घेत आणि जात.

त्यानंतर दोन महिन्यांनी एक नवी मुलगी दाखल झाली. बारा-तेरा वर्षांची, कपडे धुण्याच्या कामावर लावलेली. येण्याआधीच मनगटाशी ब्लेडची जखम होती. लांब बाहीखाली ती आठ दिवस पिकत राहिली आणि नवव्या दिवशी जेवणाच्या रांगेत पोर कोसळली. मोठ्या इस्पितळात हात चिरून उघडावा लागला. सिस्टर तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, मला का नाही दाखवलंस?

"आल्या दिवशीच सगळ्यांनी सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून घाईने पुढे म्हणाली, "राग नाहीय त्यांचा तुमच्यावर. फक्त दाखवायचं नाही."

सिस्टर कायम झाल्या. मोठ्या बाई ठरल्या तारखेला हार घालून सुखरूप निवृत्त झाल्या. योजना आणखी तीन सुधारगृहांत गेली. फटफटीचे सहा महिने गेले आणि एक मावशी. उजव्या हाताची दोन बोटे, जी आता मिटत नाहीत, ती गेली त्या नव्या मुलीची. तिने तर एकही फॉर्म भरलेला नव्हता.