फौजेत, पण कशात?

खरं सांगतो, ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केली, दोनदा खोडली. एक तर गावात माणसं ओळखू येतात. दुसरं म्हणजे ज्यांच्या घरची ही गोष्ट, त्या नारायणरावांकडूनच आमच्या घरी दूध येतं. पण परवा मेहकरच्या बसस्टँडवर एक बाप पोराला सांगत होता, "काहीही भर बे, फौज म्हंजे फौज!" अन् माझं डोकंच फिरलं. म्हणून आता लिहूनच टाकतो.

गोष्ट सुलतानपूरच्या ज्ञानेश्वरची. गावात सगळे त्याला ज्ञाना म्हणतात.

ज्ञाना रोज सकाळी लोंबकळायचा. हो, लोंबकळायचाच! त्याच्या वडिलांनी, म्हणजे नारायणरावांनी, गोठ्यासमोरच्या दोन कडुलिंबांच्या मधे बोअरचा जुना पाइप आडवा बांधून दिला होता. त्या पाइपला धरून पोरगं टांगलेलं, अन् दोन्ही पायांना सुतळीनं एकेक वीट बांधलेली. कशासाठी? उंची वाढावी म्हणून!

रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण तिथं थांबायचा. थांबला नाही तर जणू त्याचा चहाच पचत नव्हता.

"काय बे ज्ञाना, धुऊन वाळत घातलं का तुले?"

"नारायणराव, पोट्टं लांबून राह्यलं का नुसते हातच लांबून राह्यले? मोजत जा बाप्पा!"

शेजारच्या अंबूबाईचं वेगळंच. त्या ज्ञानाच्या आईला कुंपणावरून ओरडून सांगायच्या, "कोकिळे, त्याले उशी देत नको जाऊ. उशीनं पोरगं आखडते!"

झालं, ज्ञानाची उशी गेली. मग कोणीतरी डब्यातली पावडर सांगितली. ती दुधातून सुरू झाली अन् ज्ञानाचं पोट बिघडलं. विटा बांधायचा सल्ला भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांचा. गावभराकडे औषध होतं. पण या पोराला नेमकं व्हायचंय काय, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

मागच्या वर्षी ज्ञाना भरतीला गेला होता. लेखी पास झाला. मैदानावर तर असा पळाला की पहिल्या गटात आला. सोबतचा त्याचा जिवलग दोस्त गोपाल उंच होता, पण शेवटच्या चक्करला त्याचा दम तुटला अन् तो बाहेर पडला. ज्ञाना पुढं गेला. पुढं उंची मोजायची पट्टी. तिच्याखाली उभा राहिला अन् बोटभर कमी पडला. बोटभर! एवढं पळून, एवढं शिकून पोरगं त्या बोटभरानं घरी आलं.

दोघांनीही भरलं होतं जीडी, म्हणजे जनरल ड्युटी. बंदूक घेऊन उभा राहणारा शिपाई. गावातले सगळेच तेच भरतात. का भरतात? आधीच्यानं भरलं म्हणून!

आता ज्ञानाची ही शेवटची भरती. पुढच्या वेळी वय बसणार नव्हतं. अन् फॉर्मची मुदत चार दिवसांवर आली होती.

गंमत अशी की रस्ता ज्ञानाला माहीत होता. तो बारावी कॉमर्स. अकाउंटचा पेपर तो शिट्टी वाजवत सोडवायचा. भरतीची जाहिरात त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली होती. क्लार्कच्या पदाला उंची जरा कमी चालते, अन् त्या मापात तो आहे तसाच बसत होता. मार्कही पुरत होते. एकदा जेवताना त्यानं हे सांगूनही पाहिलं.

नारायणरावांचा घास हातातच राहिला.

"कारकून? फौजेत जाऊन कागदं खरडशीन? मंग इथंच तलाठ्याच्या हाताखाली बस ना बे! अन् फ्लेक्सवर काय छापू मी? पोट्टं पेन घेऊन उभं हाये म्हून?"

विषय संपला. फाट्यावर फौजेत लागलेल्या दुसऱ्या एका पोराचा बंदूकवाला फ्लेक्स लागला होता. नारायणराव येता-जाता त्याच्याकडे बघायचे. पोराचं आयुष्य त्या फ्लेक्सच्या मापानं चाललं होतं. आता बोला!

ज्ञानाला वाटलं, बाप म्हणतो तेच खरं असेल. शिवाय गोपालसोबत एकाच पदात जायचं दोघांनी ठरवलं होतं. दोस्ताला काय तोंड दाखवायचं?

त्या शनिवारी मलकापूरहून बेबीताई आल्या. नारायणरावांची मोठी बहीण, ज्ञानाची आत्या. त्यांचे मालक फौजेतून रिटायर झालेले. अर्धी जिंदगी बाईंनी छावण्यांतल्या क्वार्टरमधे काढलेली. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आतच त्यांना टांगलेला भाचा दिसला.

"नारायणा! हे काय वाळवण घातलं रे?"

"ताई, उंची वाढवून राह्यलो त्याची."

"या वयात? पायाले विटा बांधून? त्याले आधी खाली उतरव."

"तुले यातलं काय समजते?"

"मले यातलंच समजते. बाकीचं मले कोनी शिकवलंच नाई."

नारायणरावांना भर रस्त्यात बहिणीनं बोललेलं झोंबलं. बघणारे दोघं-तिघं हसले, ते जास्त झोंबलं. त्यांनी कोपऱ्यातली आणखी एक वीट उचलली अन् पोराच्या पायाला आवळली.

ज्ञाना म्हणाला, "बाबा, खांदा दुखून राह्यला."

"फौजीले खांदा दुखत नसते!"

अन् कट्‌कन आवाज आला. ज्ञानाचा उजवा हात सुटला, सगळं वजन डाव्यावर आलं, अन् पोरगं विटांसकट खाली कोसळलं. खांदा धरून असं ओरडलं की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली!

मेहकरच्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, सांधा जागेवर होता, पण आतली शीर ताणली गेली होती. डॉक्टरांनी चष्मा काढून नारायणरावांकडे बघितलं.

"थोडक्यात वाचला. खांदा निखळला असता तर मेडिकलमधे कुठल्याच पदाला घेतला नसता. कोणी सांगितलं हे लटकायचं?"

कोणी सांगितलं? सगळ्यांनीच तर सांगितलं होतं.

घरी आल्यावर बेबीताईंनी भावाला ओट्यावर बसवलं. चहा दिला. चहा संपू दिला. मग सुरू झाल्या.

"नारायणा, सोयाबीनचं बी घ्यायले तू मेहकरची किती दुकानं फिरतो?"

"फिरा लागते ना. हलक्या वावरात एक चालते, भारी वावरात दुसरं."

"अन् शेजाऱ्यानं पेरलं म्हून तेच आनतो का?"

"येडा हाये का मी? त्याचं वावर अलग, माहं अलग."

"मंग पोरगं काय माळावर उगवलं का रे? त्याच्या खेपेले कोनाचंही बी चालते?"

तरी नारायणरावांचा हट्ट सुटला नव्हता.

"पन ताई, कारकून... लोकं काय म्हन्तीन?"

"लोकं!" बेबीताई उसळल्याच. "ऐक. तुहे भाऊजी पहाडात गाडीसकट घसरले होते, तुले याद हाये ना? मी दोन लेकरं घेऊन क्वार्टरमधे. दवाखाना कुठं, तिथली भाषा कोन्ती, मले काही ठाऊक नाई. त्याईले दरीतून वर काढलं ते बंदूकवाल्या पोट्ट्यायनं, त्याईचे पाय धुऊन पिईन मी. पन मले तिथंवर कोनी पोचवलं? युनिटच्या क्लार्कनं! रेल्वेचा वारंट, म्हंजे फुकट प्रवासाचा कागद, त्यानं काढला, पगार त्यानं अडू देला नाई, दवाखान्याचे कागदं त्यानं लावले. तिकडचा कुठला पोरगा, मराठीचा शब्द येत नव्हता त्याले. 'माताजी, आप बस गाडी में बैठो,' एवढंच म्हने. भाऊजी आज मलकापुरात चालत बाजार करतात. त्यात त्याचा हात नाई का? अन् तू म्हनतो कारकून!"

आईनं पदर डोळ्याला लावला.

"अन् अजून एक," बेबीताई हळू आवाजात म्हणाल्या. "आता चार वर्साची भरती हाये. पुढं थोड्यायलेच ठेवतात. ज्ञाना परत आला त हातात काय घेऊन येईन, याचा इचार केला का? नाई केला. त्याले तरी इचारलं का कधी?"

सगळ्यांची नजर ज्ञानाकडे गेली. हात गळ्यात बांधलेला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"बाबा, मी पळतो ते कमी हाये का? मी शिकलो ते कमी हाये का? तुमाले मी बोटभर कमी दिसतो. बाकीचा सगळा मी कुठं गेलो?"

नारायणराव हललेच. पोरानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग घसा खाकरून म्हणाले, "काय काय लागते रे तुह्या त्या क्लार्कले?"

"इंग्रजी लागते. हिशेब लागते. कॉम्प्युटरवर टायपिंगची परीक्षा हाये. जीडीपक्षा पेपर अवघड राह्यते बाबा."

"अवघड राह्यते?" नारायणरावांचा चेहरा जरा उजळला. "मंग लोकं त्याले कारकून काऊन म्हनतात?"

"तुमीच म्हनले बाबा!"

बेबीताई आधी हसल्या, मग आई हसली. शेवटी नारायणरावांनाही हसू आलं, पण डोळे ओले होते.

सोमवारी बापलेक मेहकरच्या नेट कॅफेत गेले. तिथल्या पोरानं वर न बघताच जीडीवर बाण नेला. "सगळ्यायचं तेच भरतो, काका."

"सगळे तुह्या घरचे हायेत का बे?" नारायणराव एवढ्यानं गरजले की बाजूचे सगळे वळून बघू लागले. "माह्या पोराचं क्लार्क भर! अन् आधी पुरं वाचून दाखव!"

त्या दिवसापासून ज्ञाना टायपिंगच्या क्लासला जातो. एक हात दुखत असतानाही जातो. लागेल की नाही, ते परीक्षा ठरवील. पण आता तो स्वतःच्या रस्त्यावर घाम गाळतोय.

मित्रांनो, आयाबायांनो, आपण हे काय चालवलंय? पोरगी बघायला जातो तेव्हा सात गावांत चौकशी करतो. म्हैस घेताना तिचे दात मोजतो. अन् पोराचं अख्खं आयुष्य ज्यावर उभं राहणार, तिथं म्हणतो काहीही भर! फौजेत बंदूक लागते, तशी पेन लागते, पाना लागतो, सुई लागते, कढई लागते. यातलं हलकं काहीच नाही. हलकी आहे ती आपली नजर. म्हणून भरतीच्या आधी जाहिरात पूर्ण वाचा. पोराला काय येतं अन् काय आवडतं, ते त्यालाच विचारा. पदासाठी पोरगं ताणू नका, पोराला बसेल ते पद शोधा!

राहिला गोपाल. त्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस ज्ञानाशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे लोणारच्या रस्त्यावर दोघं भेटले. गोपाल पळून आला होता, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

"सोबत जायचं ठरलं होतं ना बे?"

"हाव. मी तुले आधीच सांगाले पाह्यजे होतं. तू पन बघ ना जाहिरात. तुले काय पाह्यजे?"

गोपालनं खरंच विचार केला. एक गाडी गेली तरी तो विचारच करत होता.

"मले जीडीच पाह्यजे. मले बंदूकच पाह्यजे, गड्या. लहानपनापासून."

"मंग तुह्यासाठी तेच बरोबर हाये."

गोपालनं रस्त्यावरचा खडा पायानं उडवला. "अन् समज, मी लागलो अन् तू राह्यला त? तू मले तोंडही दाखवनार नाई. मले मालूम हाये तू कसा हायेस ते."

ज्ञानानं चांगला हात पुढं केला अन् गोपालचा घामेजलेला हात घट्ट धरला.

"शब्द देतो तुले. मी राह्यलो तरी मलकापूरच्या स्टेशनावर तुही बॅग माह्याच हातात राहीन. अन् कोनी इचारलं, पोरगा कशात लागला, त तुह्या पदाचं नाव तुह्या आधी मी सांगीन."