खिशातल्या मशीनने ऐकलेलं

मी कानातली मशीन बोलतेय. तुमच्याशीच बोलतेय, कारण ज्यांच्या उजव्या कानात माझा मुक्काम, त्या युसुफभाईंना माझा एक शब्द कळत नाही. दुसऱ्याचं बोलणं मोठं करून सांगायचं, एवढीच माझी अक्कल.

युसुफभाई मूळचे हर्णैचे. दुबईत जहाजं दुरुस्त करताना, हातोड्यांच्या ठणठणाटात त्यांचे कान गेले. मुलगी सुमैय्या कमवायला लागली तेव्हा तिने मला आणलं. दुबईतल्या अल मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा कानात बसले, तर त्यांची बायको शहरबानू म्हणाली, "इतकी वर्षं भिंतीशी बोलत होते. आता सगळं पहिल्यापासून सांगते." आणि खरंच सांगायची! मला उसंत म्हणून नाही. पण त्या आवाजावर माझी माया जडली.

एका मार्चमध्ये, रमजान तोंडावर असताना, सुमैय्या दोघांना स्पेनला घेऊन गेली. व्हॅलेन्सिया शहरात आगीचा सण होता. चौकाचौकात घराएवढे कागदी पुतळे उभे.

"एवढी मेहनत करायची आणि शेवटी जाळून टाकायचं?" शहरबानू हळहळली.

दुपारी भर उन्हात मोठ्या चौकात फटाके लावतात. दिसतो नुसता धूर. सगळी मजा आवाजाची.

"अब्बा, मशीन काढा, नाहीतर खलास होईल ती!" सुमैय्या ओरडली. युसुफभाईंनी मला काढून शर्टाच्या खिशात टाकलं. बंद करायला मात्र विसरले.

धडधडाट असा की पायाखालची जमीन हलली. मग एकदम सगळं थांबलं. शहरबानू नवऱ्याच्या खांद्याशी वाकली. खिशातून मी शब्द न् शब्द ऐकला.

"ओ, आता पुरे झाली दुबई. आपण हर्णैला जाऊन राहूया. मला अम्मीच्या कबरीशेजारी जागा हवी. न्याल ना?"

ऐकू न येणाऱ्यांची एक जुनी खोड असते. कळलं नाही की हसायचं आणि मान डोलवायची. युसुफभाई हसले. "हो, हो!" म्हणाले. तिने डोळे पुसले, तर त्यांना वाटलं, धूर गेला असेल.

परत आल्यावर ती खोकं भरायला बसली. आखातातल्या आमच्या घरांत गावी पाठवायचं खोकं कायम अर्धं भरलेलं असतंच. कुणासाठी भरतेस, असं युसुफभाईंनी विचारलंही नाही. आणि हो म्हटलेल्या माणसाला पुन्हा टोकायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. ईद गेली, उन्हाळा गेला. तिकीट काही निघालं नाही. एका सकाळी चहा गाळता गाळता ती कोसळली, ती उठलीच नाही. इथल्याच वाळूत तिला ठेवलं.

चाळिसावा झाल्यावर युसुफभाईंनी खोकं उघडलं. साबण नाहीत, चॉकलेटं नाहीत. दोन ताटं, दोन कप, त्यांच्या लुंग्या, तिचं नमाजाचं जानमाज. आणि सगळ्यात वर माझ्या बॅटऱ्या, गावात मिळायच्या नाहीत म्हणून ढीगभर.

"हे काय गं?"

"अब्बा, तुम्हीच तर तिला हो म्हणालात ना, स्पेनमध्ये," सुमैय्या म्हणाली. "गावी जायला. अम्मीनेच सांगितलं मला. नानीशेजारी जागा हवी होती तिला."

"मी? कधी?"

मला सगळं ठाऊक होतं हो. सांगता येत नव्हतं, एवढंच.

तुमच्या कानाशी कुणी वाकलं, तर नुसती मान हलवू नका. काय म्हणालीस, असं विचारा. एवढं माझं ऐका.

युसुफभाई आता रोज त्या खोक्याशेजारी बसतात. आवाज शेवटपर्यंत वाढवतात आणि म्हणतात, "बानू, परत एकदा विचार. आता मशीन लावलीय."

मी सगळी ताकद लावते. पण कुणी बोललं, तरच मला ते मोठं करता येतं.