बोर्डवर न आलेली घंटी

प्रतिभाताई सव्वीस वर्षं सिस्टर होत्या, आणि त्यातली एकोणीस वर्षं माधव नगरातल्या ह्याच नर्सिंग होममध्ये गेली होती. पाय दुखले नाहीत असा दिवस त्यांना आठवत नव्हता. आज मात्र पायांपेक्षा जीव जास्त थकला होता. चार वाजेपर्यंत डॉक्टरसाहेबांना लेखी खुलासा द्यायचा होता, की काल दुपारी नऊ नंबरमधल्या जयूकाकूंना बाथरूमला न्यायला कोणी का गेलं नाही.

वाट बघून काकू एकट्याच उठल्या, पडल्या आणि मनगट मोडून बसल्या. तीनदा घंटी दाबली असं त्या सांगत होत्या. पण कुठल्या खोलीची घंटी वाजली ते दाखवणाऱ्या काउंटरवरच्या बोर्डात काल दुपारची नऊ नंबरची एकही नोंद नव्हती. त्यांचा मुलगा हर्षल इंदूरहून धावत आला, आधी सिस्टरांवर तडकला, आणि बोर्ड पाहिल्यावर आईकडे वळला. आईचं डोकं आता जागेवर राहत नाही, इथलं घर बंद करून तिला आपल्याकडे न्यायचं, असं त्यानं तिच्या उशाशी उभं राहून ठरवूनही टाकलं. काल संध्याकाळपर्यंत काकू त्याच्याशी भांडत होत्या. आज सकाळी गोळ्या घेताना मात्र हळूच म्हणाल्या, "नसेल दाबली ग मी. मला वाटलं असेल."

प्रतिभाताईंना थोडा वेळ त्यांच्यापाशी बसायचं होतं. पण बाकीच्या तेरा खोल्या वाट बघत होत्या.

बाराच्या सुमारास टावर चौकातल्या दुकानातून सुमीत आला. घंट्या त्यानंच बसवल्या होत्या. भिंती फोडायला नकोत म्हणून डॉक्टरसाहेबांनी बिनतारी घ्यायचं ठरवलं, आणि घेतल्या त्याही सगळ्यात स्वस्तातल्या. साहेबांना काय, त्या घंट्यांवर थोडंच अवलंबून राहायचं होतं? सुमीतनं नऊ नंबरची घंटी दाबली. बोर्ड गप्प. पुन्हा दाबली, तरी गप्प. पाचव्यांदा कुठे बोर्ड वाजला. मग त्यानं पिशवीतून सिग्नल पकडणारं तळहाताएवढं एक यंत्र काढलं आणि त्यातले दिवे बघत राहिला.

"ताई, ह्या सगळ्या घंट्या एकाच लाइनीवर बोलतात," तो म्हणाला. "एक बोलत असली तर दुसरीनं रुकायला पाहिजे. पण ह्या सस्त्या मालाला तोंडच असतं, कान नसतात. दोघी एकदम बोलल्या की बोर्डाला एकही समजत नाही. आणि आत्ता कोणीतरी लगातार बोलतंय."

यंत्र घेऊन तो व्हरांड्यातून चालू लागला, मागून प्रतिभाताई. एकेका दारापाशी दिवे वाढत गेले. बारा नंबरपाशी सगळे लागले. तो दार उघडायच्या आधीच त्या खोलीत काय असणार ते प्रतिभाताईंना कळलं होतं.

बारा नंबरमध्ये तात्या होते. बँकेतून कधीचेच रिटायर झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, ऐंशीच्या पुढचे. एका ड्यूटीत तीस-चाळीस वेळा घंटी. पंखा कमी करा, पंखा वाढवा, किती वाजले, बाहेर ऊन आहे का. चौदा खोल्या आणि सिस्टर दोनच, त्या आणि गौरी. दोघींच्या नाकी नऊ आले होते. परवा प्रतिभाताईंनी बोर्डवरून बारा नंबरच काढून टाकला, म्हणजे ती घंटी काउंटरवर वाजणारच नाही. घंटी तात्यांच्या हातात राहू दिली. दाबत बसू दे, तेवढंच समाधान. कोणाचं काय बिघडणार आहे, असं त्यांना वाटलं होतं. काल दुपारभर बोर्ड शांत होता. कित्येक महिन्यांनी त्यांनी चहा गरम असताना प्यायला होता आणि गौरीला म्हणाल्या होत्या, महाकालाची कृपा, आज आराम आहे.

तात्या उशीला टेकून बसले होते. घंटी दोन्ही हातांत होती.

"एकदा दाबून कोणी येत नाही बेटा," त्यांनी समजावून सांगितलं, "म्हणून दाबूनच धरतो. काल जेवणापासून चहापर्यंत धरली होती. एक अंगठा दुखला की दुसरा लावायचा."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. प्रतिभाताईंनी हळूच त्यांची बोटं सोडवली, पंखा कमी केला आणि बाहेर ऊन आहे म्हणून सांगितलं.

व्हरांड्यात प्रतिभाताईंनी परवा नंबर काढल्याचं सांगितलं, तेव्हा सुमीतनं आवाज खाली केला. आसपासच्या एखाद्या रिमोटमुळे सिग्नल अडला, असं तो रिपोर्टमध्ये लिहून द्यायला तयार होता. कोण चेक करायला येतंय? ताईंच्या नोकरीवर कशाला आणायचं? पोरगा मनानं चांगला होता. प्रतिभाताईंना क्षणभर फार बरं वाटलं. चौदा खोल्यांना दोन सिस्टर ठेवणाऱ्या साहेबांचा त्यांना राग होता, आणि तो खरा होता. पण नंबर त्यांच्याच बोटानं काढला होता. आणि रिमोटनं सिग्नल अडला असेल, एवढ्यावर हर्षल आईचं खरं मानणार नव्हता.

काउंटरवर जाऊन त्यांनी बारा नंबर परत घातला. सुमीतला जे सापडलं तेच लिहायला सांगितलं. मग नऊ नंबरमध्ये गेल्या. काकू छताकडे बघत पडल्या होत्या.

"काकू, काल तुम्ही घंटी दाबली होती. माझ्यामुळे ती पोचली नाही. बाराची घंटी मी बोर्डवरून बंद केली होती. ते बिचारे दाबतच राहिले, आणि त्यात तुमची अडकली. मी तसं लिहून देणार आहे."

आता बोलणी खायची म्हणून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. काकूंनी छतावरची नजर त्यांच्याकडे वळवली.

"तीनदा दाबली होती," त्या म्हणाल्या.

"हो. तीनदा."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्लास्टरचा हात वर होईना, तेव्हा दुसऱ्या हातानं त्यांनी ते पुसलं आणि त्याच ओल्या हातानं प्रतिभाताईंचं मनगट धरलं.

"हर्षल येईपर्यंत जाऊ नको ग," त्या म्हणाल्या. "त्याला तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, आईला वाटलं असेल."